कंपनी दिवाळखोरीत गेली की वकील नेमका कोणाचा? महाड-पोलादपूरकरांनी हा कायदा का समजून घ्यायला हवा

समजा, महाड एमआयडीसीतली एक रासायनिक कंपनी अचानक बंद पडली. गेटवर कुलूप नाही, सिक्युरिटीवाला आहे, पण पगार थांबलाय. बिरवाडीच्या टेम्पोवाल्याची तीन महिन्यांची बिलं अडकलीत. कॅन्टीन चालवणाऱ्या बाईंचे पैसे अडकलेत. पोलादपूरहून रोज बसने येणाऱ्या कंत्राटी कामगाराला कंत्राटदार सांगतो, "कंपनी एनसीएलटीत गेली, आता काही होत नाही."

हे शेवटचं वाक्य चूक आहे. कंपनी एनसीएलटीत जाते तेव्हाच बरंच काही होत असतं, आणि ते फार झटपट होतं. फक्त ते महाडमध्ये होत नाही. ते मुंबईत कफ परेडला होतं किंवा कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय ज्या राज्यात असेल तिथे होतं. इंग्रजीत होतं. आणि ते करणारे वकील, चार्टर्ड अकाउंटंट आणि दिवाळखोरी व्यावसायिक अशा दबावाखाली काम करत असतात, ज्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही.

हा दबाव कसला असतो? आणि त्यात टेम्पोवाल्याचं काय होतं? समजून घेऊ या.

आधी थोडक्यात कायदा

२०१६ साली संसदेने नादारी आणि दिवाळखोरी संहिता मंजूर केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'आयबीसी' म्हणतात. त्याआधी बुडालेली कंपनी वर्षानुवर्षं मालकाच्याच ताब्यात राहायची, खटले चालत राहायचे आणि यंत्रं गंजत जायची. मुंबईतल्या गिरण्यांचं काय झालं, हे कोकणातल्या जवळपास प्रत्येक घराला माहीत आहे.

आयबीसीने चित्र बदललं. कर्ज थकलं की बँक किंवा पुरवठादार राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत अर्ज करू शकतो. अर्ज दाखल करून घेतला की तीन गोष्टी होतात:

- कंपनीचा कारभार संचालकांच्या हातून जातो आणि एका दिवाळखोरी व्यावसायिकाकडे येतो. त्याला 'रिझोल्यूशन प्रोफेशनल' किंवा 'आरपी' म्हणतात.
- कंपनीविरुद्धचे वसुलीचे दावे आणि जप्त्या थांबतात.
- कर्ज देणाऱ्या बँकांची समिती बसते आणि कंपनी कोणाला, किती पैशांत द्यायची हे ६६ टक्के मतांनी ठरवते.

कायद्याने यासाठी १८० दिवस दिलेत, त्यात ९० दिवसांची वाढ मिळू शकते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार कोर्टातला वेळ धरून कमाल मर्यादा ३३० दिवसांची आहे. प्रत्यक्षात यशस्वी ठरलेल्या प्रकरणांनाही सरासरी ६०० हून जास्त दिवस लागलेत.

सातबाऱ्यावरचा बोजा आणि उधारीची वही

या कायद्यात सगळे देणेकरी सारखे नाहीत. फरक समजायला सातबारा आठवा.

सोसायटीने जमिनीवर कर्ज दिलं की तिचा बोजा सातबाऱ्यावर चढतो. वाण्याची उधारी मात्र फक्त त्याच्या वहीत असते. जमीन विकायची वेळ आली तर आधी बोजावाला, मग वहीवाला. आयबीसीत बँका म्हणजे बहुतेकदा बोजावाल्या. त्यांना 'वित्तीय धनको' म्हणतात. माल किंवा सेवा देणारे सगळे 'व्यवहारी धनको', म्हणजे वहीवाले. समितीत मत फक्त वित्तीय धनकोंना. टेम्पोवाल्याला मत नाही.

कामगारांची जागा थोडी बरी आहे. कंपनी अवसायनात निघाली, म्हणजे मालमत्ता विकून तिचा कायमचा निकाल लावायचा ठरला, तर आधीच्या २४ महिन्यांची कामगारांची देणी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने धरली जातात. प्रॉव्हिडंट फंड, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी फंडाचे पैसे तर वाटपाच्या मालमत्तेतच धरायचे नाहीत, असं कायदा सांगतो.

पण हे आपोआप मिळत नाही, मागावं लागतं. जेट एअरवेजच्या कर्मचाऱ्यांना पीएफ आणि ग्रॅच्युइटीसाठी अपिलात जावं लागलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने आदेश दिला आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. पुढे ठरलेली योजनाच पार पडली नाही आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढायचा आदेश दिला.

मग दबाव येतो कुठून?

पहिला दबाव खुर्चीचा. आरपी कायद्याने सगळ्यांचा असतो. बँकेचा, कामगाराचा, पुरवठादाराचा आणि खुद्द कंपनीचाही. पण त्याला कायम कोण करतं? बँकांची समिती. त्याचं मानधन कोण मंजूर करतं? तीच समिती. त्याला ६६ टक्के मतांनी बदलू कोण शकतं? पुन्हा तीच समिती. ज्याच्या हाती तुमची पुढची नेमणूक आहे, त्याला न आवडणारी गोष्ट सांगणं कोणत्याही व्यवसायात सोपं नसतं.

आरपीचा वकील याच साखळीतला पुढचा दुवा. त्याची फी दिवाळखोरी प्रक्रियेच्या खर्चात धरली जाते आणि हा खर्च सगळ्यांच्या आधी चुकता होतो. म्हणजे वकिलाची फी टेम्पोवाल्याच्या बिलाच्या आधी. हे चूक नाही. वकील, लेखापाल, रखवालदार यांना पैसे मिळाले नाहीत तर प्रक्रियाच चालणार नाही. पण म्हणूनच हा खर्च किती आणि कोणासाठी होतोय, याचा हिशेब उघडा असायला हवा.

दुसरा दबाव घड्याळाचा. एका बाजूला कायद्याची मुदत, दुसऱ्या बाजूला न्यायाधिकरणातली रिकामी पदं आणि लांबलेल्या तारखा. या घाईत छोट्या दाव्यांची छाननी सगळ्यात शेवटी होते. पन्नास बँकांचे कागद व्यवस्थित फायलीत येतात. कॅन्टीनवाल्या बाईंचं बिल मात्र मोबाइलमधल्या फोटोत असतं.

तिसरा दबाव गुप्ततेचा. कंपनी मोडीत काढली तर किती पैसे येतील, हा आकडा आरपीकडे असतो. त्याला लिक्विडेशन मूल्य म्हणतात. बोली लावणाऱ्याला तो कळता कामा नये. कळला तर तो त्याच्यापेक्षा जरा जास्त देऊन मोकळा होईल.

व्हिडिओकॉन: सगळे प्रश्न एकाच प्रकरणात

हा तिसरा मुद्दा पुस्तकी वाटत असेल तर व्हिडिओकॉनकडे पाहा. औरंगाबादजवळच्या चितेगावात कारखाना असलेली, एकेकाळी घराघरात टीव्ही पोचवणारी ही मराठवाड्यातली कंपनी. जून २०१८ मध्ये ती दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. समूहातल्या १३ कंपन्यांचं प्रकरण एकत्र चालवलं गेलं.

८ जून २०२१ रोजी एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठाने वेदांत समूहाशी संबंधित ट्विन स्टार कंपनीची योजना मंजूर केली. मान्य झालेले दावे सुमारे ६४,८३८ कोटी रुपयांचे. योजना सुमारे २,९६२ कोटींची. म्हणजे शंभर रुपयांना सुमारे चार रुपये सत्तावन्न पैसे. वहीवाल्यांच्या, म्हणजे माल-सेवा देणाऱ्यांच्या वाट्याला तर एक टक्काही नाही, फक्त ०.७२ टक्के. एक लाखाचं बिल असेल तर ७२० रुपये.

योजना मंजूर करतानाच खंडपीठाने नाराजी नोंदवली. बोली लावणारा जवळपास काहीच देत नाही, असं न्यायाधिकरणाने म्हटलं. लिक्विडेशन मूल्य सुमारे २,५६८ कोटी होतं. बोली त्याच्या इतकी जवळ कशी आली, गुप्तता पाळली गेली का, असा प्रश्न न्यायाधिकरणाने उपस्थित केला आणि नियामक मंडळाने त्यात लक्ष घालावं असं सुचवलं. गुप्तता मोडली, असा हा निष्कर्ष नव्हता. पण न्यायाधिकरणाला असा प्रश्न जाहीरपणे विचारावासा वाटला, हेच पुरेसं बोलकं आहे.

मग मंजुरी दिलीच का? कारण बँकांच्या व्यापारी शहाणपणात कोर्टाने ढवळाढवळ करायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून वारंवार सांगितलंय.

पुढे बँक ऑफ महाराष्ट्रसारख्या नाराज धनकोंनी अपील केलं आणि ५ जानेवारी २०२२ रोजी अपील न्यायाधिकरणाने ही मंजुरी रद्द केली.

दुसरी बाजूही ऐका

या क्षेत्रातले वकील एक गोष्ट सांगतात आणि ती रास्त आहे. शंभरातले चारच मिळाले, ही तुलना थकबाकीशी आहे. पण कंपनी एनसीएलटीत येते तेव्हा बऱ्याचदा आतून पोकळ झालेली असते. बँकांनी दोन-चार वर्षं आधी अर्ज केला असता तर जास्त मिळालं असतं. रुग्ण आयसीयूत उशिरा आणायचा आणि दोष डॉक्टरला द्यायचा, असं होऊ नये.

आकडेही याला काहीसा दुजोरा देतात. देशभरात यशस्वी प्रकरणांत मान्य दाव्यांच्या सरासरी एक तृतीयांशाच्या आसपास रक्कम हाती आली आहे. पण कंपनी मोडून मिळाली असती त्यापेक्षा ती बरीच जास्त आहे.

तरीही संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०२१ मध्ये या व्यवस्थेवर कडक ताशेरे ओढले. काही प्रकरणांत ९५ टक्क्यांपर्यंत पाणी सोडावं लागतंय, हे तिने नोंदवलं. तोवर झालेल्या २०३ तपासण्यांपैकी १२३ मध्ये दिवाळखोरी व्यावसायिकांवर शिस्तभंगाची कारवाई झाल्याचंही तिने चिंतेने नमूद केलं.

व्यावसायिकांच्या चुकीची किंमत किती मोठी असू शकते, हे २०२५ मध्ये दिसलं. भूषण पॉवर अँड स्टील ही कंपनी जेएसडब्ल्यू स्टीलने या प्रक्रियेतून घेतली होती. आपल्याच जिल्ह्यात पेणजवळ डोलवीला कारखाना असलेली हीच ती जेएसडब्ल्यू. २ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १९,७०० कोटींची ती योजना रद्द करून कंपनी अवसायनात काढायचा आदेश दिला. आरपी आणि बँकांची समिती या दोघांनीही कर्तव्यात कसूर केल्याचे ताशेरे ओढले. ३१ जुलैला तो निकाल न्यायालयाने मागे घेतला आणि २६ सप्टेंबरला योजना कायम केली. मधल्या पाच महिन्यांत चालू कारखान्यातल्या कामगारांनी काय विचार केला असेल, याची कल्पना करा.

दबाव फक्त वकिलांवरच नाही

ऑगस्ट २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाच्या चेन्नई खंडपीठातल्या एका न्यायिक सदस्याने एका प्रकरणातून स्वतःला बाजूला केलं. एका पक्षाच्या बाजूने आदेश द्यावा म्हणून उच्च न्यायव्यवस्थेतल्या एका आदरणीय व्यक्तीने आपल्याशी संपर्क साधल्याचं त्यांनी आदेशातच लिहिलं. देशभर खळबळ उडाली. पण त्यांनी जे केलं ते नैतिकतेचं सगळ्यात साधं रूप होतं: दबाव आला हे लेखी सांगणं आणि बाजूला होणं.

हे फक्त भारतात घडतं असंही नाही. अमेरिकेत ह्यूस्टनच्या दिवाळखोरी न्यायालयातल्या एका प्रसिद्ध न्यायाधीशांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये राजीनामा दिला. त्यांच्यासमोर काम असलेल्या एका लॉ फर्ममधल्या वकिलाशी त्यांचे निकटचे संबंध होते आणि ते जाहीर केलेले नव्हते. त्या फर्मला मंजूर झालेली फी परत मागण्यासाठी सरकारी यंत्रणेने अर्ज केले. तिथे दिवाळखोरीतल्या वकिलांची फी न्यायालय तपासतं. आपल्याकडे ती मुख्यतः बँकांची समिती तपासते. म्हणजे ज्याचे पैसे सगळ्यात आधी सुरक्षित आहेत, तोच खर्चावर नजर ठेवतो. शेवटच्या रांगेतल्याला विचारणारं कोणी नसतं.

नियम काय सांगतात?

नियम आहेत, आणि ते बऱ्यापैकी स्पष्ट आहेत.

दिवाळखोरी व्यावसायिकांसाठी २०१६ च्या नियमांत आचारसंहिता आहे. निष्पक्ष राहा, हितसंबंध जाहीर करा, गुप्तता पाळा, झेपेल तेवढंच काम घ्या. नेमलेल्या वकील, मूल्यांककांशी काही नातं असेल तर ते उघड करा, असं नियामक मंडळाने जानेवारी २०१८ मध्ये परिपत्रक काढून सांगितलं. पडेल किमतीत काम घेऊन नंतर दुसरीकडून कमावण्याचा मोह टळावा म्हणून ऑक्टोबर २०२२ पासून आरपीचं किमान मानधनही ठरवून दिलंय. ऑगस्ट २०२४ मध्ये धनकोंच्या समितीसाठीही मार्गदर्शक तत्त्वं आली.

वकिलांसाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाचे जुने नियम आहेत. त्यातले दोन महाडच्या माणसाने पाठच करावेत.

पहिला: वकिलाने निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही, वसुलीत हिस्सा मागायचा नाही. "दावा सुटला तर वीस टक्के माझे" असं कोणी म्हणालं, तर तो नियम मोडतोय. हा नियम गरिबाला जाचक वाटू शकतो, कारण आगाऊ फी देण्याची त्याची ऐपत नसते. पण त्याचा हेतू असा, की वकिलाने स्वतःच्या हिश्शासाठी तुम्हाला घाईची किंवा वाईट तडजोड करायला लावू नये.

दुसरा: एका प्रकरणात एका पक्षाचं काम केलेला वकील त्याच प्रकरणात उलट पक्षासाठी उभा राहू शकत नाही. तालुक्याच्या ठिकाणी हे अवघड जातं. कंपन्यांची कामं करणारे वकील मोजके असतात. कंपनीचे करार करून देणारे तेच, आणि पुरवठादाराच्या ओळखीचेही तेच. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, "साहेब, या कंपनीचं काम तुम्ही कधी केलंय का?" यात अपमान नाही. चांगला वकील या प्रश्नाने दुखावत नाही, उलट तो स्वतःहून सांगतो.

आणखी एक मोह असतो. एनसीएलटीची भीती दाखवून उधारी वसूल करायची. हा कायदा म्हणजे निव्वळ वसुलीचं हत्यार नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय. आणि वाईट हेतूने अर्ज केला तर एक लाखापासून एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो.

तुमचे पैसे अडकले तर काय करायचं?

२०२१ च्या जुलैतल्या महापुरानंतर महाडच्या बाजारपेठेने एक धडा घेतला: पंचनाम्यात नाव नाही तर भरपाई नाही. दिवाळखोरीत दावा दाखल करणं म्हणजे पंचनाम्यात नाव लावणं.

- मार्च २०२० पासून एक कोटीपेक्षा कमी थकबाकीसाठी एनसीएलटीत नवा अर्ज करता येत नाही. पण दुसऱ्या कोणी प्रक्रिया सुरू केली असेल, तर तुमचा दावा पाच हजारांचा असला तरी तो दाखल करता येतो. हा फरक अनेकांना माहीत नसतो.
- आरपीची नेमणूक झाल्यापासून तीन दिवसांत जाहीर सूचना येते आणि नेमणुकीपासून १४ दिवसांत दावा करायचा असतो. उशीर झाला तरी साधारण ९० दिवसांपर्यंत, कधी त्याहून थोडा पुढेही वाव असतो. थांबू नका.
- पुरवठादारांसाठी 'बी', कामगारांसाठी 'डी' नमुना असतो. अनेक कामगारांच्या वतीने एक प्रतिनिधी 'ई' नमुन्यात एकत्र दावा करू शकतो.
- बिलं, चलन, हजेरीपत्रक, पगाराची स्लिप, बँकेचं स्टेटमेंट जपा. प्रक्रिया सुरू झाल्यावरही तुम्ही कामावर जात असाल तर त्याचा पुरावा ठेवा. प्रक्रियेच्या काळात चालू कारखान्यात प्रत्यक्ष केलेल्या कामाचा पगार प्रक्रियेच्या खर्चात धरला जातो, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितलंय.
- कंपनी अजून चालू आहे पण बिल देत नाही? तुमची उद्यम नोंदणी असेल तर २००६ च्या लघुउद्योग कायद्याखाली ४५ दिवसांनंतर चक्रवाढ व्याजासह मागणी करता येते. छोट्या रकमेसाठी तोच रस्ता बरा.
- आरपीबद्दल तक्रार नियामक मंडळाकडे, वकिलाबद्दल बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे करता येते.

आणि हे सगळं वेळेत का? एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की योजना एकदा मंजूर झाली की तिच्यात नसलेले जुने दावे संपतात. नवा मालक कोऱ्या पाटीवर सुरुवात करतो. तुमचं नाव यादीत नसेल, तर त्या पाटीवरून पुसल्या गेलेल्यांत तुम्हीही असता.

खरी कसोटी महाडच्या आवृत्तीत

शेवटी एका छोट्या नियमाकडे लक्ष वेधायचंय. जाहीर सूचना कंपनीच्या नोंदणीकृत आणि मुख्य कार्यालयाच्या ठिकाणी एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक वृत्तपत्रात द्यावी लागते. याशिवाय कंपनीचं महत्त्वाचं कामकाज जिथे चालतं, तिथेही द्यायची असते. पण ते ठिकाण 'महत्त्वाचं' आहे की नाही, हे आरपीच्या मतावर सोडलंय.

म्हणजे कारखाना महाडला आणि नोंदणीकृत कार्यालय अहमदाबादला असेल, तर सूचना रायगडच्या मराठी पेपरात येईल की नाही, हे एका माणसाच्या निर्णयावर ठरतं. ती दिली नाही म्हणून बँक रागावणार नाही. दिली तर दाव्यांची संख्या वाढेल, छाननी वाढेल, वेळ जाईल. सगळा दबाव न देण्याच्या बाजूला आहे.

दिवाळखोरी कायद्यातली नैतिकता म्हणजे फक्त लाचखोरी किंवा हजारो कोटींचे घोटाळे नव्हेत. जी सूचना दिली नाही तर कोणी विचारणार नाही, ती सूचना देणं. ज्या कामगाराला मत नाही, त्याचा मोबाइलमधल्या फोटोवरचा दावा नीट वाचणं. त्या आरपीला आणि त्याच्या वकिलाला हे करायला भाग पाडणारा नियम कमजोर आहे. पण तालुक्यातली कामगार संघटना, उद्योजकांची संघटना किंवा एखादा जागा वकील "सूचना इथेही द्या" असं लेखी कळवू शकतो. कागद फायलीत गेला की दबाव दुसऱ्या बाजूनेही सुरू होतो.